मरणाच्या कारणांची एक यादी

इंग्लंड आणि वेल्समध्ये १ जुलै १८३७ रोजी जन्म, विवाह आणि मृत्यू यांची नागरी नोंदणी सुरू झाली आणि त्या दिवसापासून मृताचे नाव, वय, व्यवसाय, मृत्यूचे ठिकाण व मृत्यूचे कारण लंडनमधील एका मध्यवर्ती कचेरीत जमा होऊ लागले. त्याआधी चर्चच्या दफ्तरात दफनाची नोंद होत असे. परंतु ती धर्मविधीची नोंद होती आणि तिच्यावरून देशाच्या आरोग्याविषयी काही ठरवणे कठीण होते. नव्या नोंदवहीत कारणासाठी स्वतंत्र रकाना होता, मात्र तो कोणत्या शब्दांनी भरायचा याविषयी नियम नव्हता. त्यामुळे एकाच आजाराला तीन-चार नावे दिली जात, एकच नाव तीन-चार आजारांना लावले जाई, आणि पुष्कळदा तर ताप, आकडी, सूज अशी लक्षणेच कारण म्हणून लिहिली जात. नोंदी लाखांनी जमा झाल्या तरी त्यांची बेरीज करता येईना, कारण बेरीज एका जातीच्या वस्तूंचीच होते.

निरनिराळ्या ठिकाणी, निरनिराळ्या हातांनी आणि निरनिराळ्या हेतूंनी लिहिलेली आरोग्याची माहिती परस्परांशी ताडून पाहता यावी अशा रूपात आणण्याच्या कामाला आज ‘सुसंगतीकरण’ असे भारदस्त नाव मिळाले आहे आणि ते संगणकयुगाचे काम समजले जाते. प्रत्यक्षात या कामाचा पाया कागद, टाक आणि दौत यांच्या काळातच घातला गेला, आणि तो रुग्णाच्या उपचारांच्या नोंदींवर नव्हे, तर मृत्यूच्या नोंदींवर उभा राहिला. माणूस आजारी पडला की ते घराबाहेर कोणाला कळेलच असे नसते. मृत्यूची नोंद मात्र कायद्याने करावी लागते.

मृत्यूची कारणे मोजण्याची कल्पना अर्थात त्याहून जुनी होती. लंडनमध्ये प्लेगची चाहूल वेळेवर लागावी म्हणून दर आठवड्याला मृत्यूंची पत्रके निघत. मृताच्या घरी जाऊन कारण ठरवण्याचे काम पॅरिशच्या, म्हणजे चर्चच्या हद्दीतील वस्तीच्या, अधिकाऱ्यांनी नेमलेल्या वयस्क, गरीब स्त्रियांकडे असे. जॉन ग्राँट या कापडविक्याने ही साठलेली पत्रके अभ्यासून १६६२ साली त्यांच्यावर एक पुस्तक प्रसिद्ध केले. लोकसंख्याशास्त्राचा आरंभ बहुधा त्याच पुस्तकापासून मानला जातो. मूळ नोंद कितपत विश्वासार्ह आहे, ही शंकाही ग्राँटने तेव्हाच घेतली होती. लाजिरवाण्या समजल्या जाणाऱ्या गुप्तरोगाने झालेले मृत्यू या स्त्रियांना पैसे चारून दुसऱ्याच नावाखाली दाखवले जातात, असे त्याचे निरीक्षण होते. पुढील साडेतीनशे वर्षांत मृत्यूच्या आकडेवारीवर जेवढी गंभीर टीका झाली, तिच्यातला एक मुख्य मुद्दा असा पहिल्याच पुस्तकात येऊन गेला होता.

अठराव्या शतकात रोगांची वर्गवारी करण्याचे प्रयत्न झाले ते वेगळ्या उद्देशाने. लिनीअसने वनस्पतींची कुळे आणि जाती लावून दिल्या, त्या धर्तीवर फ्रान्समधील फ्रान्स्वा बोसिए द सोव्हाज याने रोगांची कुळे लावली. त्याचा मोठा ग्रंथ १७६३ साली निघाला आणि खुद्द लिनीअसनेही रोगांची अशी एक मांडणी केली. एडिंबरोच्या विल्यम कलेनने १७६९ मध्ये लॅटिनमध्ये तयार केलेली सुटसुटीत मांडणी पुढील अर्धशतक ब्रिटनमध्ये प्रचलित राहिली. परंतु या मांडण्या विद्यार्थ्याला रोग ओळखायला शिकवण्यासाठी होत्या. नोंदणी कचेरीपुढचा प्रश्न निराळा होता. तिला हजारो अनोळखी माणसांनी भरलेले रकाने असे लावायचे होते की यॉर्कशायरमधील क्षयाचा आकडा कॉर्नवॉलमधील क्षयाच्या आकड्याशेजारी ठेवता यावा.

या कचेरीत १८३९ साली विल्यम फार याची नेमणूक झाली. १८०७ मध्ये श्रॉपशायरमधील एका गरीब कुटुंबात जन्मलेल्या या मुलाचा सांभाळ आणि शिक्षण गावातील एका जमीनदाराने केले होते. पुढे पॅरिसमध्ये वैद्यकाचे शिक्षण घेताना रोग्यांची मोजदाद करून उपचारांची पारख करणाऱ्या प्येर लुई यांच्या विचारांशी त्याचा परिचय झाला. कचेरीच्या पहिल्याच वार्षिक अहवालात त्याने लिहिले, त्याचा आशय असा की पदार्थविज्ञानात वजनमापांना जे महत्त्व आहे, तेच आरोग्याच्या अभ्यासात नामावलीला आहे, आणि ती विनाविलंब ठरवली पाहिजे. मराठी वाचकाला ही तुलना समजावून सांगण्याची फारशी गरज नाही; दशमान पद्धत येण्यापूर्वी पायली आणि शेर जागोजागी वेगळे असल्याने एका बाजारातील धान्याचा भाव दुसऱ्या बाजारात तसाच्या तसा सांगून भागत नसे. फारने रोगनामांबाबत हीच अडचण ओळखली आणि पुढील सुमारे चाळीस वर्षे तिच्या निवारणात घालवली. सर्व पात्रताधारक डॉक्टरांना मृत्यूच्या कारणाचे छापील कोरे दाखले पाठवण्याची प्रथा या कचेरीने पाडली आणि १८७४ च्या कायद्याने डॉक्टरने असा दाखला देणे बंधनकारक झाले.

फारची मांडणी वैद्यकीय सिद्धांत म्हणून आज टिकणारी नाही. साथीच्या रोगांना तो आंबण्याच्या क्रियेसारख्या एखाद्या प्रक्रियेने होणारे रोग मानत असे, आणि कुजलेल्या पदार्थांतून उठणारी दूषित हवा पटकीला कारणीभूत होते, असेही बराच काळ त्याचे मत होते. तथापि आपल्या मताला पोषक नसलेली माहितीही त्याने तितक्याच काटेकोरपणे जमवली आणि दुसऱ्यांच्या हाती मोकळेपणाने दिली, यात त्याचे मोठेपण आहे. १८५४ च्या पटकीच्या साथीत दक्षिण लंडनमध्ये दोन कंपन्यांचे नळ एकाच वस्तीत शेजारशेजारच्या घरांत गेलेले होते. एक कंपनी थेम्स नदीचे पाणी शहराची घाण जिथे मिसळते तिथूनच उचलत होती, तर दुसरीने आपली पाणी उचलण्याची जागा नुकतीच नदीच्या वरच्या अंगाला हलवली होती. जॉन स्नो या डॉक्टरला मृतांचे पत्ते हवे होते आणि ते फारच्या कचेरीने दिले. इतकेच नव्हे, तर मृताच्या घरी कोणत्या कंपनीचे पाणी येत होते तेही नोंदवावे, अशी सूचना फारने स्थानिक निबंधकांना दिली. ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाभोवती झालेल्या ८३ मृत्यूंची यादीही स्नोला याच कचेरीतून मिळाली. पटकी पाण्यातून पसरते हे फारने १८६६ च्या साथीपर्यंत पूर्णपणे स्वीकारले नव्हते; त्या वर्षी पूर्व लंडनमधील मृत्यूंचा माग मात्र त्याने स्वतःच एका पाणीपुरवठा कंपनीपर्यंत नेला. एकसारख्या शब्दांत लिहिलेली नोंद लिहिणाऱ्याच्या मतापेक्षा जास्त टिकते आणि ते मत चुकीचे ठरवण्याच्या कामीही येते, याचे याहून चांगले उदाहरण सापडणे अवघड आहे.

एका देशात नामावली लागली, तसा देशादेशांच्या तुलनेचा प्रश्न पुढे आला. बेल्जियमचे गणिती आणि खगोलशास्त्रज्ञ अडॉल्फ केतले यांच्या पुढाकाराने १८५३ साली ब्रसेल्समध्ये पहिली आंतरराष्ट्रीय सांख्यिकी परिषद भरली. सर्व देशांना चालेल अशी मृत्यूच्या कारणांची यादी तयार करण्याचे काम तिने लंडनचे फार आणि जिनिव्हाचे मार्क देस्पीन या दोघांवर सोपवले. दोघेही अनुभवी होते आणि दोघांनीही निष्ठेने काम केले. परंतु १८५५ मध्ये पॅरिसच्या परिषदेपुढे त्यांनी ठेवलेल्या दोन याद्या एकमेकींत बसण्यासारख्या नव्हत्या. फारने साथीचे रोग, सर्वांगाचे रोग, शरीराच्या विशिष्ट भागाचे रोग, वाढीशी व वयाशी संबंधित रोग आणि हिंसेचे किंवा अपघाताचे परिणाम असे पाच भाग केले होते. देस्पीन रोगाच्या प्रकृतीवरून वर्ग करत होता आणि वातरक्ताचे, त्वचेवर उमटणारे, रक्तदोषाचे असे गट पाडत होता. हा भेद नुसत्या शब्दांचा नव्हता. रोग कुठे आहे हे विचारायचे की रोग मुळात काय आहे हे विचारायचे, असा तो वाद होता. पहिल्या प्रश्नाचे उत्तर शवविच्छेदनाच्या मेजावर दाखवता येते. दुसऱ्याचे उत्तर त्या त्या काळच्या सिद्धांतावर अवलंबून राहते आणि सिद्धांत बदलला की सगळी यादी कोसळते.

परिषदेने दोन्ही याद्यांची सांगड घालून १३९ नावांची एक तडजोडीची यादी संमत केली. ती कोणत्याच देशाला मनापासून आपली वाटली नाही. १८६४ साली ती फारच्या आराखड्यानुसार सुधारली गेली आणि पुढे १८७४, १८८० व १८८६ मध्ये पुन्हा दुरुस्त झाली, तरी सार्वत्रिक मान्यता तिच्या वाट्याला आली नाही. या अपयशी दिसणाऱ्या तीस वर्षांतून उरलेली एक गोष्ट मात्र महत्त्वाची होती, आणि ती म्हणजे शरीराच्या भागानुसार रोग लावण्याचे फारचे तत्त्व.

याच काळात मृतांकडून जिवंत रुग्णांकडे, म्हणजे इस्पितळांच्या दफ्तरांकडे, वळण्याचा पहिला मोठा प्रयत्न झाला तो फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा. जुलै १८६० मध्ये लंडनला भरलेल्या परिषदेत त्यांनी इस्पितळांसाठी एकसारख्या तक्त्यांची योजना मांडली. प्रकृतीमुळे त्या स्वतः उपस्थित राहू शकल्या नव्हत्या. वर्षारंभी किती रुग्ण होते, वर्षभरात किती दाखल झाले, किती बरे झाले, किती सुधारणा न होताच गेले, किती स्वतःच्या इच्छेने निघून गेले, किती मृत्यू पावले, वर्षअखेर किती उरले आणि सरासरी मुक्काम किती दिवसांचा होता, असे त्या तक्त्यांचे रकाने होते. परिषदेने योजना मान्य केली, लंडनच्या काही मोठ्या इस्पितळांनी ती वापरूनही पाहिली, पण तक्ते किचकट होते आणि रोगांच्या यादीवर डॉक्टरांचे एकमत नव्हते, म्हणून ती रुजली नाही. आकड्यांतील विसंगतीचा फटका नंतर खुद्द नाइटिंगेल यांनाही बसला. इस्पितळांविषयीच्या आपल्या पुस्तकाच्या १८६३ च्या आवृत्तीत त्यांनी फारच्या अहवालातून घेतलेला एक तक्ता छापला; त्याप्रमाणे लंडनच्या २४ इस्पितळांतील मृत्युप्रमाण शेकडा ९०.८४ होते. वर्षभरातील एकूण मृत्यूंना एका ठरावीक दिवशी इस्पितळात असलेल्या रुग्णांच्या संख्येने भागून हा आकडा निघाला होता. त्या एका दिवसाच्या संख्येच्या कितीतरी पट रुग्ण वर्षभरात येऊन गेले असल्याने, हे गणित लोकांची भयंकर दिशाभूल करणारे आहे अशी टीका डॉक्टरांनी केली आणि तीत तथ्य होते. रोगाचे नाव एक असले तरी भाजक वेगळा असेल तर तुलना फसते. पुढे प्रत्येक आंतरराष्ट्रीय यादीबरोबर मोजण्याच्या नियमांची पुस्तिका जोडावी लागली, त्याचे कारण या प्रसंगात दिसते.

अखेर ज्याने ही यादी रुजवली तो माणूस जणू वारशानेच या कामाकडे आला होता. १८५३ साली ब्रसेल्समध्ये एकसमान यादीचा ठराव मांडणारा आशिल गिलार हा वनस्पतिशास्त्रज्ञ आणि सांख्यिक होता. त्याचा नातू झाक बर्तियाँ हा डॉक्टर होऊन पॅरिस शहराच्या सांख्यिकी खात्याचा प्रमुख बनला. व्हिएन्नामध्ये १८९१ साली आंतरराष्ट्रीय सांख्यिकी संस्थेने नव्या यादीसाठी समिती नेमली तेव्हा तिचे अध्यक्षपद त्याच्याकडे आले, आणि १८९३ मध्ये शिकागोच्या बैठकीत त्याची यादी स्वीकारली गेली. पॅरिसमध्ये वापरात असलेली, इंग्लिश, जर्मन आणि स्विस याद्यांचा मेळ घालणारी मांडणी तिच्या मुळाशी होती.

बर्तियाँच्या यशाचे गमक यादीच्या रचनेत होते. स्विस सांख्यिकी खात्याचे संचालक गियोम यांच्या सूचनेवरून त्याने एक नव्हे, तर ४४, ९९ आणि १६१ नावांच्या तीन याद्या दिल्या. किर्दीतल्या बारीक नोंदी खतावणीत पोटखात्यांत आणि पोटखाती मुख्य खात्यांत जमा व्हावीत, तसा त्यांचा परस्परसंबंध होता. ज्या देशात डॉक्टर पुष्कळ होते आणि निदान बारकाईने होत होते, त्याने मोठी यादी वापरावी. जिथे साधने तोकडी होती, त्याने लहान यादीवर भागवावे. आणि दोघांची तुलना लहान यादीच्या पातळीवर खुशाल करावी. सर्वांनी सारखेच बारकाईने लिहावे हा आग्रह सोडून, ज्याने त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे लिहावे पण एकाच सांगाड्यात लिहावे, ही भूमिका घेतल्यामुळे यादी स्वीकारणे सोपे झाले. आधीच्या चाळीस वर्षांत ज्यावर गाडी अडली होती तो ‘रोग म्हणजे काय’ हा प्रश्न बर्तियाँने न सोडवताच बाजूला ठेवला, आणि तसे करणे योग्यच होते असे म्हणावे लागते. कारण जंतुशास्त्र तेव्हा दर वर्षी त्या प्रश्नाची उत्तरे बदलत होते.

१८९८ मध्ये अमेरिकन पब्लिक हेल्थ असोसिएशनच्या ऑटावा येथील अधिवेशनाने कॅनडा, मेक्सिको आणि संयुक्त संस्थाने यांच्या निबंधकांना ही यादी स्वीकारण्याची शिफारस केली आणि दर दहा वर्षांनी तिची उजळणी व्हावी असेही सुचवले. त्यानुसार ऑगस्ट १९०० मध्ये फ्रेंच सरकारने पॅरिसला २६ देशांच्या प्रतिनिधींची परिषद बोलावली आणि १७९ नावांची विस्तृत व ३५ नावांची संक्षिप्त यादी मंजूर झाली. फारच्या स्वतःच्या देशाने मात्र ही आंतरराष्ट्रीय यादी १९११ मध्ये वापरात आणली. चांगली घरची व्यवस्था आधीपासून असलेल्या देशाला परकी व्यवस्था स्वीकारणे अधिक जड जाते, कारण यादी बदलली की जुन्या वर्षांशी जुळणारी साखळी तुटते. आणि काळाची साखळी सांभाळायची की देशांची, हा पेच प्रत्येक उजळणीच्या वेळी नव्याने उभा राहिला आहे.

पॅरिसमध्ये १७९ नावांवर चर्चा होत होती त्या सुमारास हिंदुस्थानातील खेड्यांतल्या मृत्यूच्या नोंदवहीत पटकी, देवी, ताप, हगवण व आव, अपघात आणि इतर एवढेच मोजके रकाने होते. प्लेग आणि श्वसनाचे रोग यांची त्यांत नंतर भर पडली. माहिती देणारा माणूस वैद्यक जाणणारा नव्हता. कोठे चौकीदार, तर मुंबई इलाख्यात गावकामगार पाटील गावातले मृत्यू कळवत असे, आणि जे काही अंग तापून झाले ते ‘ताप’ या रकान्यात जाई. हिवताप, विषमज्वर, न्यूमोनिया, क्षय, बाळंतरोग असे सर्व काही त्या एका शब्दाखाली येत असल्याने अनेक वर्षी ब्रिटिश हिंदुस्थानातील निम्म्याहून अधिक मृत्यू तापाचे दिसत. तरीही या नोंदी निरुपयोगी होत्या असे मानणे अन्यायाचे होईल. १९०८ च्या पंजाबातील भयंकर साथीचा अभ्यास करताना एस. आर. ख्रिस्टोफर्स यांनी तापाच्या मृत्यूंचा ऋतुमानानुसार चढउतार तपासून हिवतापाचा विस्तार दाखवून दिला. शब्द ढोबळ होता, पण तो सगळीकडे सारखाच ढोबळ होता. ढोबळ मापही एकसारखे असले की त्यातून काही मोजता येते.

मुंबईत हीच गोष्ट अधिक वेदनादायक रीतीने प्रत्ययास आली. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो गॅब्रियल व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला. पाठोपाठ सक्तीचे विलगीकरण, घरांची झडती आणि निर्जंतुकीकरण सुरू झाले, तसे रोगी लपवले जाऊ लागले आणि मृत्यूचे कारण दुसरेच काही सांगितले जाऊ लागले. प्लेगचे निदान लिहिले गेले की घरच्या माणसांची पांगापांग होणार, या भीतीने आप्तांनी ते टाळले, यात त्यांचा दोष पाहणे कठोरपणाचे ठरेल. परिणामी प्लेगच्या रकान्यातील आकडे कमी आणि इतर तापांचे व श्वसनरोगांचे आकडे अवाच्या सवा वाढलेले दिसू लागले. आरोग्य अधिकाऱ्यांनी मग आठवड्याच्या एकूण मृत्यूंची मागील वर्षांच्या सरासरीशी तुलना केली आणि जास्तीचे मृत्यू प्लेगच्या खाती धरले. करोनाच्या काळात अनेक देशांतील खऱ्या हानीचा अंदाज घेण्यासाठी हेच गणित पुन्हा मांडले गेले.

मृत्यूचा दाखला डॉक्टरने भरला तरी एक अडचण उरतच होती. मृत्यूला बहुधा एकच कारण नसते. विषमज्वराने आतड्याला भोक पडले, त्यामुळे पोटात पू झाला आणि माणूस दगावला, तर हा मृत्यू कोणाच्या खाती मांडायचा, याचे उत्तर देशोदेशीच्या कचेऱ्या आपापल्या परीने देत. अमेरिकेच्या जनगणना खात्याने १९१४ साली जोडकारणांची एक जाडजूड नियमावलीच काढली, जीत कोणत्या दोन रोगांच्या जोडीत कोणाला मान द्यायचा ते लिहिले होते. १९४८ मध्ये हा निर्णय कारकुनाकडून काढून डॉक्टरकडे देण्यात आला. जागतिक आरोग्य संघटनेची घटना ७ एप्रिलला अमलात आली आणि २६ ते ३० एप्रिलला पॅरिसमध्ये यादीच्या सहाव्या उजळणीची परिषद भरली. तिने मृत्यूच्या दाखल्याचा आंतरराष्ट्रीय नमुना मान्य केला. त्याच्या पहिल्या ओळीत प्रत्यक्ष मृत्यू घडवणारी स्थिती, तिच्याखाली ती जिच्यामुळे उद्भवली ती स्थिती, आणि सर्वांत खाली ही सारी मालिका जिथून सुरू झाली ते मूळ कारण लिहायचे असते. वरच्या उदाहरणात तळाच्या ओळीत विषमज्वर येतो आणि मृत्यू त्याच्याच खाती जातो, कारण अटकाव करायचा असेल तर तो तिथेच करता येतो. याच उजळणीत मृत्यूच्या कारणांबरोबर आजारपणाचीही नावे प्रथमच एका यादीत आली आणि नाइटिंगेल यांचा इस्पितळांसाठीचा हेतू, त्यांच्या तक्त्यांनंतर अठ्ठ्याऐंशी वर्षांनी, वेगळ्या मार्गाने मार्गी लागला.

भारतात १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याखाली इस्पितळातील मृत्यूंसाठी ‘नमुना ४’ आणि इस्पितळाबाहेरच्या मृत्यूंसाठी ‘नमुना ४अ’ भरला जातो, तो याच आंतरराष्ट्रीय दाखल्याचा वंशज आहे. तळाची ओळ रिकामी ठेवून वरच्या ओळीत ‘हृदयक्रिया बंद पडली’ एवढेच लिहिण्याची सवय मात्र अजून गेलेली नाही. मृत्यूत हृदयक्रिया बंद पडतेच; ते मरणाचे वर्णन झाले, कारण नव्हे, आणि असा प्रत्येक दाखला संशोधनाच्या दृष्टीने कोराच राहतो.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नोंदी एकमेकींशी जुळवण्याचा हाच प्रश्न इस्पितळांच्या संगणकांत शिरला. रक्तातील साखर भारतातील प्रयोगशाळा मिलिग्रॅममध्ये सांगतात, ब्रिटनमधील मिलिमोलमध्ये. म्हणून तिकडचा ५.५ आणि इकडचा ९९ हे एकच मूल्य असले तरी संगणकाला ते कोणीतरी समजावून द्यावे लागते. प्रयोगशाळेच्या तपासण्यांना सामाईक संकेत देणारी ‘लॉइंक’ ही पद्धत अमेरिकेतील इंडियानापोलिस येथे १९९४ मध्ये सुरू झाली, तर रुग्णाच्या कागदपत्रांतील संज्ञांसाठी असलेला ‘स्नोमेड सीटी’ हा कोश २००२ मध्ये अमेरिकन आणि ब्रिटिश संकेतांच्या मिलाफातून निघाला. भारतात या मानकांचे राष्ट्रीय केंद्र पुण्याच्या सी-डॅक संस्थेत आहे. एका इस्पितळातली रुग्णाची माहिती दुसऱ्या इस्पितळातल्या डॉक्टरला उपचाराच्या वेळी वाचता यावी, हा या कामाचा तातडीचा हेतू आहे.

परंतु हे सारे संकेत जिथे डॉक्टर आहे तिथून सुरू होतात. २०२० साली भारतात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी वैद्यकीय दाखला असलेले मृत्यू शेकडा २२.५ होते, गोव्यात जवळजवळ प्रत्येक मृत्यूला असा दाखला मिळतो, पण देशाच्या मोठ्या भागात मृत्यू घरीच आणि वैद्याविना होतो. अशा मृत्यूंसाठी पंजाबातील नारंगवाल येथे १९६० च्या दशकात एक पद्धत आकाराला आली. मृताच्या घरी जाऊन शेवटच्या आजाराची लक्षणे क्रमाने विचारायची आणि त्या उत्तरांवरून डॉक्टरने कारण ठरवायचे, या तोंडी चौकशीला ‘व्हर्बल ऑटॉप्सी’ हे नाव मिळाले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने बालमृत्यूंसाठी ती वापरली आणि कोणत्या लक्षणसमूहाला कोणता रोग मानायचा याचे निकष १९९२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत मांडले. नवजात बालकांचे मृत्यू सरकारी दफ्तरात येतच नाहीत, ही गोष्ट गावोगावच्या अशा मोजणीतून पुढे आली आणि २००१ च्या ‘कोवळी पानगळ’ या अहवालाने ती महाराष्ट्राच्या विधिमंडळापासून वृत्तपत्रांपर्यंत सर्वांपुढे ठेवली.

प्रभात झा यांनी भारताच्या महानिबंधक कार्यालयाबरोबर हाती घेतलेल्या ‘मिलियन डेथ स्टडी’ने ही पद्धत देशभर नेली. वैद्यकीय शिक्षण नसलेला प्रशिक्षित सर्वेक्षक मृताच्या घरी जाऊन ठरलेले प्रश्न विचारतो आणि घरच्यांचे कथन त्यांच्याच भाषेत अर्ध्या पानात लिहून घेतो. ते कागद दोन डॉक्टरांकडे स्वतंत्रपणे जातात, दोघेही आंतरराष्ट्रीय यादीतील संकेत देतात, मतभेद राहिला तर तिसरा ज्येष्ठ डॉक्टर निवाडा करतो. २०१० साली ‘लॅन्सेट’मध्ये या अभ्यासाने हिवतापाचा हिशेब मांडला. जागतिक आरोग्य संघटना भारतात हिवतापाने वर्षाला सुमारे १५,००० मृत्यू होतात असे धरत होती. या अभ्यासाने सत्तर वर्षांखालील मृत्यूंचाच आकडा सुमारे २,०५,००० काढला. नुसत्या कथनावरून हिवताप इतर तापांपासून वेगळा ओळखता येत नाही, असा आक्षेप संघटनेने घेतला, आणि गावकामगारांच्या नोंदवहीतला तो जुना रकाना शंभर वर्षांनी पुन्हा वादाचा विषय झाला. अभ्यासकांनी हिवतापाचे म्हणून धरलेल्या मृत्यूंपैकी शेकडा ८६ कोणत्याही दवाखान्याबाहेर घडले होते. त्या माणसांच्या आजाराची लेखी नोंद म्हणून उरले होते ते घरच्या माणसांनी सांगितलेले आणि सर्वेक्षकाने त्यांच्या भाषेत उतरवून घेतलेले अर्धे पान.